भंगारवाल्याला द्यायच्या आधी काय काय करता येतं? (कोल्हापूर, फ्लॅटमधलं घर)

राजारामपुरी_नववी_गल्ली

नमस्कार मंडळी. दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, माणसं पाच, गॅलरी चार बाय आठ फुटांची. वस्तू आणायची, वापरायची, फेकायची हे कमी करायचं आहे. पण जिथं वाचावं तिथं "कापडी पिशवी न्या, पाण्याची बाटली सोबत ठेवा" एवढ्यावरच गाडी थांबते. ते करतोच. पुढचं सांगा.

सध्या अडलंय ते असं. मिक्सर चटणी वाटताना मध्येच बंद पडतो, खालच्या जाळीतून ठिणग्या दिसतात, जळका वास येतो. दुकानदार म्हणतो नवा घ्या. माळ्यावर जुनी भांडी, नळ, वायर, कुकर, फुटका बिडाचा तवा असा वीसेक किलोचा ढीग आहे. ओल्या कचऱ्याच्या बादलीला पाऊस लागल्यापासून वास सुटलाय. आषाढ तळून उरलेलं दोन लिटर तेल आहे. आणि एक कोल्हापुरी चपलांचा जोड, टाच झिजलेला.

यातलं घरी काय होतं, कारागिराकडं काय न्यायचं आणि खरोखर टाकायचं काय? नुसतं "रिसायकल करा" म्हणू नका, ही विनंती.

बीडकाम

माळ्यापासून सुरू करा, कारण त्या ढिगाला कोल्हापुरात खरी जागा आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फौंड्र्यांत (ओतकामाच्या कारखान्यांत) भट्टीत जो माल पडतो त्यात मोडीचा, म्हणजे भंगाराचा वाटा मोठा असतो. तुमचा तवा फार लांब न जाता वितळून पंपाची बॉडी होऊ शकतो. अट एकच, माल निवडलेला हवा. का, ते सांगतो, म्हणजे निवडायचा कंटाळा येणार नाही.

बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत घालायच्या मालात, स्टेनलेस स्टीलचे चमचे-वाट्या मिसळल्या की त्यातलं क्रोमियम कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, उतरतं. मग कास्टिंग जागोजागी हार्ड येतं, मशीनवर घेतल्यावर ड्रिलची टोकं मोडतात. अ‍ॅल्युमिनियम थोडंसं जरी गेलं तरी कातडीखाली टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात, आणि ती मशिनिंग झाल्यावरच दिसतात, म्हणजे सगळी मेहनत वाया. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यातल्या जस्ताचा पांढरा धूर होतो. आणि सर्वांत वाईट म्हणजे बंद डबा. स्प्रेचा कॅन, दोन्ही तोंडं दाबलेला पाइप, आत पाणी राहिलेलं काहीही वितळलेल्या धातूत पडलं की त्याचा स्फोट होतो. भट्टीवरच्या माणसाच्या अंगावर जातं ते. म्हणून कॅन रिकामा करून वेगळा द्या. घरी भोक पाडायला जाऊ नका, आत गॅस उरलेला असतो.

निवडायला जुन्या स्पीकरचं लोहचुंबक पुरतं.

चिकटलं आणि गंजलेलं आहे तर लोखंड किंवा बीड. बीड ओळखायचं तुटलेल्या कडेवरून, करडी आणि रवाळ दिसते. शिवाय ते वाकत नाही, तुटतं, आणि वाजवलं तर बद्द वाजतं. चिकटलं, पण वर्षानुवर्षं पडून चकचकीत आहे, तर ते स्टेनलेसच, काही जातीचं स्टेनलेस चुंबकाला चिकटतं. चिकटत नाही, पांढरं आणि जड असेल तर स्टेनलेस. चिकटत नाही, पांढरं आणि हलकं असेल तर जर्मन, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. याचं महत्त्व लोकांच्या लक्षात येत नाही. खनिजापासून नवं अ‍ॅल्युमिनियम काढायला जी ऊर्जा लागते, तिच्यातली सुमारे ९५ टक्के जुनं वितळवल्यावर वाचते.

नळांना कानस मारून बघा. वरून सगळे चकचकीत असतात. आत पिवळं निघालं तर पितळ, पांढरट-करडं निघालं तर जस्ताचा स्वस्तातला नळ. न बघता दिलात तर पितळही "पांढऱ्या"च्या भावानं जातं. नळातलं रबर, प्लास्टिक, लोखंडी स्क्रू काढून घ्या. कुकरची बेकेलाइटची मूठ आणि तिचा स्क्रूही काढा. लोखंड अडकलेल्या जर्मनचा भाव पडतो, आणि तो पडणं बरोबरच आहे, कारण पुढं कुणालातरी ते हातानं काढावं लागतं.

वायर जाळून तांबं काढायचं नाही. पीव्हीसीचा धूर विषारी, आणि जळलेलं तांबं काळं पडून खालच्या प्रतीत जातं. जाड वायर ब्लेडनं उभी चिरा, बारीक तशीच द्या. नॉनस्टिक तव्याचं कोटिंगही जाळायचं नाही. मूठ काढून तसाच अ‍ॅल्युमिनियममध्ये द्या.

फुटका बिडाचा तवा वेल्डिंगला नेऊ नका. निकेल रॉड लागतो, तवा आधी तापवून घ्यावा लागतो, आणि एवढं करून चुलीवर पुन्हा तडकायची शक्यता राहतेच. तो भट्टीचाच माल.

कार्बन_ब्रश

ठिणग्या दिसल्या म्हणून मोटर गेली असं धरू नका. मिक्सरच्या मोटरला दोन कार्बन ब्रश असतात, काळे छोटे ठोकळे, मागं स्प्रिंग. झिजून आखूड झाले की स्प्रिंगचा दाब कमी पडतो, ते कम्युटेटरवर (मोटरच्या फिरत्या भागावरचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) नीट टेकत नाहीत आणि मोठ्या ठिणग्या उडतात. बारीक निळसर ठिणगी धडधाकट मोटरलाही असते. कम्युटेटरभोवती पूर्ण गोल आगीची कडी फिरताना दिसली तर मात्र आर्मेचरमध्ये, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागातच, दोष आहे.

प्लग काढा (बटण बंद केलं म्हणून भागत नाही), खालचे स्क्रू सोडा, ब्रश बाहेर काढा. मूळ लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आला असेल तर बदला. बदलायचे ते जोडीनंच, आणि जुना नमुना दुकानात नेऊन त्याच मापाचे. अर्धा मिलिमीटर जाड असला तरी होल्डरमध्ये अडकतो आणि पुन्हा तीच ठिणगी. कम्युटेटर काळा पडला असेल तर शून्य नंबरच्या काचकागदानं हलकेच पुसा. एमरी (धातू घासायचा काळा कागद) वापरू नका, तिचे कण तांब्याच्या पट्ट्यांमधल्या फटीत बसून शॉर्ट करतात. फटी टूथपिकनं साफ करा. नवे ब्रश बसवल्यावर चार-पाच मिनिटं भांडं न लावता पहिल्या स्पीडवर चालवा, म्हणजे त्यांना गोलाई येते.

आता बंद का पडतो? खाली लाल बटण असतं, ते ओव्हरलोडचं. ते उडतंय म्हणजे मोटरवर ताण येतोय, आणि ताणाचं कारण बहुतेक वेळा भांड्यात असतं. भांडं उलटं करून खालची चकती हातानं फिरवा. सहज फिरली पाहिजे. जड फिरत असेल तर बुश (भांड्याच्या तळातली नळी) आणि शाफ्टमध्ये (तिच्यात फिरणारा ब्लेडचा दांडा) मसाला शिरून चिकटलाय. भांड्यात पाणी भरून दहा मिनिटं वर्तमानपत्रावर ठेवा. खाली ओल आली तर बुशचं वॉशर गेलंय. हेच पाणी कपलरवरून (भांडं मोटरला जोडणारी चकती) आत उतरून बेअरिंग गंजवतं. पूर्ण भांडं बदलायची गरज नाही, बुश, ब्लेड आणि वॉशर सुटे मिळतात.

सुक्या खोबऱ्याची चटणी आणि कांदा-लसूण मसाला हे दोन्ही मिक्सरचे वैरी. तेल सुटून गोळा होतो, ब्लेड अडतं आणि मोटर तापते. थोडं थोडं घाला. किती मिनिटं चालवायचा आणि किती थांबवायचा ते खालच्या पट्टीवर छापलेलं असतं, कुणी वाचत नाही.

प्लास्टिकचा कपलर तुटला तर चिडू नका. भांडं अडकलं की आधी तो तुटावा आणि मोटर वाचावी, यासाठीच तो कच्चा ठेवलेला असतो. काही जण "कायमचा इलाज" म्हणून लोखंडी बसवून देतात. बसवू देऊ नका, पुढच्या वेळी थेट वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) जातं.

ब्रश बदलूनही जळका वास राहिला तर वाइंडिंगचं वार्निश जळलंय. तांब्याचं वाइंडिंग असेल तर रिवाइंडिंग करून घ्या, मिक्सर बरीच वर्षं पुढं चालेल. अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर खर्च करू नका, मोटर वेगळी काढून भंगारात द्या. बॉडी, भांडी, स्विच दुरुस्तीवाल्याला उपयोगी पडतात, ती त्यालाच द्या.

पाचट

बादलीचा वास कसा आहे ते लिहिलं नाहीत. डोळ्यांत झोंबणारा, मुतारीसारखा असेल तर ओला माल जास्त, सुका कमी. सडक्या अंड्यासारखा असेल तर आत हवा नाही. पावसाळ्यात बहुधा दुसरंच असतं.

पाच माणसांच्या घरात दिवसाला साधारण पाऊण ते एक किलो ओलं निघतं. वीस लिटरच्या चार-पाच बादल्या घ्या, एक भरायची, बाकीच्या मुरायच्या. बाजूनं आठ मिलिमीटरची तीस-चाळीस भोकं, तळाला दहा-बारा, खाली ताट आणि ताटात दोन विटा. बादली विटांवर हवी, नाहीतर तळाची भोकं पाण्यात बुडतात आणि वासाला तिथूनच सुरुवात होते. तळाशी चार बोटं नारळाच्या शेंड्या. मग एक वाटी ओलं, वर दीड वाटी सुकं, असा थर. उन्हाळ्यात एकास एक चालतं, कोल्हापूरच्या पावसात नाही. इथं जुलैत हवेतच एवढी ओल असते की बादलीतलं पाणी उडतच नाही.

सुकं कुठून आणायचं? वाळलेली पानं पावसाळ्याच्या आधी, मार्च-एप्रिलमध्येच पोतं भरून ठेवायची. आता राहिलं असेल तर पुठ्ठ्याचे नखाएवढे तुकडे (चिकटपट्टी काढून) किंवा उसाचं पाचट दोन-तीन इंच कापून. सुताराकडचा भुसा फक्त साध्या लाकडाचा, प्लायवूडचा नको, त्यात डिंक असतो. रसवंतीचं चिपाड फुकट मिळतं म्हणून ताजं टाकू नका. त्यात साखर असते, आंबतं आणि मुंग्यांची जत्रा भरते. कडकडीत वाळवून, चुरून टाका. (गुऱ्हाळावर बघा, उसाचा रस उसाच्याच चिपाडावर उकळतो. चक्र चक्र म्हणतात ते पिढ्यान्‌पिढ्या तिथं चालू आहे.)

आज बिघडलेली बादली अशी सोडवा: सगळं एका घमेल्यात ओता, त्यात निम्मं पुठ्ठा-पाचट मिसळा, मूठभर घेऊन दाबा. बोटांतून एक-दोन थेंब आले तर ठीक, धार आली तर आणखी सुकं. मग परत भरा, मूठभर जुनं खत किंवा अर्धी वाटी आंबट ताक घाला. दर तीन दिवसांनी खालीवर करा. दोन-तीन दिवसांत वास जातो.

पांढऱ्या-करड्या जाडसर अळ्या दिसल्या तर औषध मारू नका. त्या काळ्या सैनिक माशीच्या असतात, कचरा भराभर खातात, घरात रोग पसरवत नाहीत. पण त्या आल्या म्हणजे माल ओला आहे, एवढी खूण घ्या. बारीक चिलटं असतील तर फळांच्या साली उघड्या राहतात, दोन बोटं सुक्याखाली झाका.

रश्शाचा तवंग बादलीत नको. तेल सालींवर बसलं की हवा आत जात नाही. मटणाची हाडंही नकोत. ती महिनोन्‌महिने तशीच राहतात आणि उंदीर बोलावतात. लिंबाच्या साली, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं (चुरून) चालतात.

बादली भरल्यावर पंचेचाळीस ते साठ दिवस. पावसाळ्यात साठच धरा. खत काळसर, भुसभुशीत आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येणारं झालं की तयार. खात्री करायची तर निम्मं खत, निम्मी माती घेऊन त्यात मेथी पेरा. चार-पाच दिवसांत उगवली नाही तर खत कच्चं आहे, आणखी पंधरा दिवस ठेवा.

साबणवडी

तळणीचं तेल सिंकमध्ये नाही, आणि पुन्हापुन्हा तळायलाही नाही. हॉटेलांसाठी २०१८ पासून नियम आहे, तेलातले पोलर घटक (तेल पुन्हापुन्हा तापून बिघडल्यावर तयार होणारे) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल बाद. घरी ते मोजता येत नाही. काळपट रंग, चिकट फेस आणि लवकर धूर या तीन खुणांवर थांबायचं.

दोन लिटर तेल म्हणजे वजनानं साधारण १,८४० ग्रॅम. त्याचा भांडी-फरशीचा साबण होतो. सूर्यफूल, सोयाबीन, शेंगतेल यांना किलोमागं १२५ ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि ३०० ग्रॅम पाणी. म्हणजे तुम्हाला २३० ग्रॅम सोडा, साडेपाचशे ग्रॅम पाणी. मोजायचं ते वजनकाट्यावर, वाटीनं नाही. खोबरेलाला सोडा बराच जास्त लागतो, त्याला हे प्रमाण लावू नका.

तेल कापडातून दोनदा गाळा. पाणी थंड घ्या आणि त्यात सोडा थोडा थोडा टाका. उलटं कधीच करायचं नाही, सोड्यावर पाणी ओतलं तर उसळून तोंडावर येतं. मिश्रण आपोआप उकळत्या पाण्याजवळ तापतं, गॅलरीत उभं राहून करा, चष्मा आणि रबरी हातमोजे घालून. लहान मुलं आत. निवून कोमट झालं की कोमट तेलात बारीक धारेनं ओता आणि ढवळत राहा. हातानं पाऊण-एक तास, हँड ब्लेंडरनं पाच-दहा मिनिटं. पातळ पिठल्याएवढं झालं आणि वरून सोडलेल्या धारेची रेघ क्षणभर राहिली की साच्यात ओता. दोन दिवसांनी वड्या पाडा आणि पाच-सहा आठवडे हवेशीर जागी ठेवा. त्याआधी वापरला तर हात सोलतात.

पाचट

एक भर घालतो, लोक इथं चुकतात. हे मिश्रण जर्मनच्या पातेल्यात करायचं नाही. कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो आणि हायड्रोजन सुटतो, शेजारी गॅस पेटलेला असला तर संपलंच. स्टीलचं पातेलं किंवा जाड प्लास्टिकची बादली, ढवळायला लाकडी उलथनं. ते पुन्हा स्वयंपाकात आणायचं नाही.

राजारामपुरी_नववी_गल्ली

भारी! आजच ढीग निवडायला काढतो. बादलीचा वास सडक्या अंड्याचाच आहे. दुधाच्या पिशव्या आणि वेफर्सची पाकिटं भंगारवाला एकत्र घेत नाही, ते का? आणि गूळ घालून करतात ते बायोएंझाइम खरंच कामाचं का? चप्पल राहिलीच.

बीडकाम

दुधाची पिशवी एकाच जातीच्या प्लास्टिकची असते, म्हणून वितळून पुन्हा दाणा होतो. वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिकवर चांदीसारखा थर चिकटवलेला असतो, तो सोडवता येत नाही. पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लोंबता ठेवा, तो तुकडा एकदा सुटला की थेट गटारात. पहिलं विसळलेलं पाणी चहात, मग पिशवी उलटी टांगून वाळवा. ओलसर गठ्ठा दोन दिवसांत आंबतो आणि मग कुणी घेत नाही.

साबणवडी

बायोएंझाइमचं प्रमाण एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने. पहिला महिना रोज झाकण सैल करून गॅस सोडायचा, नाहीतर बाटली फुटते. फरशी पुसायला चालतं, चमत्कार काही नाही, सौम्य आंबट द्रावण आहे. कडाप्पा आणि संगमरवरावर लावू नका, चुन्याचा दगड आंबटानं खातो, पांढरे डाग कायमचे बसतात. एरवी माझं मत विचाराल तर चांगला गूळ पोळीबरोबर खावा. किडका, पाघळलेला असेल तर बाटलीत घाला.

वादी_आणि_तळ

चप्पल टाकू नका, पण उशीरही करू नका. टाचेची बाहेरची कडा शिवणीपर्यंत झिजायच्या आत नवा तळ लागला तर जोड वाचतो. एकदा शिवणीची वादी तुटली की थर सुटतात आणि पाणी आत शिरतं. खऱ्या चपलेत खिळा नसतो, तळ चामड्याच्या वादीनं शिवलेला असतो. दुरुस्तीतही खिळे मारू देऊ नका. चामडं बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं असतं, त्या टॅनिनशी लोखंडाची गाठ पडली की काळे डाग पडतात आणि खिळ्याभोवतीचं चामडं कुजतं. तळाला टायरच्या रबराची पट्टी लावणार असाल तर तीही शिवूनच. नुसत्या सोल्युशननं चिकटवलेली पहिल्या ओलीत सुटते.

पावसात भिजली तर उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका, चामडं आक्रसून तडकतं. आत वर्तमानपत्राचे बोळे, सावलीत दोन-तीन दिवस, पूर्ण वाळल्यावर एरंडेलाचा पातळ हात. ओल्यावर तेल लावलं तर बुरशी येते. आणि आत्ता भर पावसात तळ लावायला नेऊ नका. ओल धरलेलं चामडं शिवलं तर वाळल्यावर वादी सैल पडते. गणपती होऊन ऊन पडू दे, मग न्या.